पाच जणींचं बोलावणं

समाधान चार मतांनी पडला हे घरी कळलं तेव्हा दारात जिलबीचा टेम्पो उभा होता.

मंजुषाने एका कानाला फोन लावला आणि दुसरा कान बोटाने बंद केला. मतमोजणी केंद्राबाहेर ढोल वाजत होते आणि समाधानची मुलगी पायल ओरडून बोलत होती.

"काकू, दोनदा मोजलं. चारच."

"चार हजार?"

"नाही गं काकू. चार. एक, दोन, तीन, चार."

मंजुषा पायरीवरच बसली. चार हजारांनी पडलं तर माणूस रडतो आणि उठून कामाला लागतो. चार मतांचं काय करायचं हे तिला कळेना.

"वहिनी, कुठं ठेवू?" जिलबीवाला सोमा परात धरून समोर उभा होता.

"सोमाभाऊ, आपण पडलो."

"अरेरे. कितीने?"

"चार मतांनी. ही जिलबी परत न्याल का?"

"परत नाही घेत वहिनी. पण दत्तूशेठची ऑर्डर पण आमच्याकडंच आहे. त्यांना कमी पडली तर तुमची तिकडं देतो. चालेल?"

"त्याच्या तोंडात आमची जिलबी? ठेवा इथं. आम्हीच खाऊ."

तीनशे माणसांचा स्वयंपाक झाला होता. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या. थोरली जाऊ शुभांगी, समाधानची बायको, असती तर हे झालं नसतं. मागच्या दोन्ही निवडणुकांना तिने साठ माणसांचाच स्वयंपाक करायला लावला होता. "जिंकलो तर पुन्हा चूल पेटवू, त्यात काय," असं म्हणायची. दोन्ही वेळा पुन्हा चूल पेटली होती. मग चार वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाही, आणि झाली तेव्हा शुभांगी नव्हती. तिला जाऊन चौदा महिने झाले होते.

मांडवात मळ्यातल्या बायका झेंडूच्या माळा ओवत होत्या. मंजुषाने त्यांना जाऊन सांगितलं, "बायांनो, थांबा आता. पडले दादा."

"थांबायला काय झालं?" एकीने विचारलं. "सुतक हाय का? देवाला जातील माळा." आणि तिने दोऱ्यात पुढचं फूल घातलं.

अर्ध्या तासाने समाधान आला. पायलच्या स्कूटरवर मागे बसला होता. सकाळी घालून गेलेला पांढरा शर्ट तसाच पांढरा होता.

"लोक जेवले का?" त्याने विचारलं.

"दादा, कोण येणार आता जेवायला?"

"येतील. पडलेल्याकडे लोक जरा उशिरा येतात. वाढायला घ्या."

*

लोक खरंच आले. दुपारी दीडपर्यंत दोन पंगती उठल्या. प्रत्येक जण समाधानचा हात धरून "आपलं मत तुम्हालाच होतं" असं सांगून जात होता. ज्ञानेश मनात मोजत होता. तेवढ्या मतांवर दादा सहज आमदार झाला असता.

ज्ञानेश धाकटा भाऊ. पंधरा वर्षं मळा त्यानेच ओढला होता. गुलाब, शेवंती, झेंडू, पहाटे फुलबाजार, दुपारी फवारणी. दादा तेवढा वेळ माहिती अधिकाराचे अर्ज लिहीत बसायचा. ज्ञानेशची त्याला हरकत नव्हती. पण आज त्याला बोलल्याशिवाय राहवेना.

"दादा, तुझ्या नियमांनी मारलं आपल्याला. दत्तूने अठरा रिक्षा लावल्या होत्या. आपण एक सायकलसुद्धा नाही."

"मतदारांना गाडीतून नेणं गुन्हा आहे."

"दत्तूला सांग ना ते."

"तक्रार दिली होती."

"तक्रार घेणारे साहेबच दत्तूच्या रिक्षातून उतरले," पायल म्हणाली. तिने जिलबीचा तुकडा तोंडात टाकला आणि हसली. मग तिला रडू आलं, आणि तोंडात जिलबी असल्यामुळे ठसका लागला. मंजुषाने तिची पाठ थोपटली.

तेवढ्यात ढोल जवळ आले. दत्तूची मिरवणूक फाटकापाशी थांबली.

"बंद करा रे," दत्तूचा आवाज आला. "दुःखाचं घर आहे."

"दुःख कसलं?" समाधान पुढे झाला. "ये. जेवून जा."

दत्तू आणि समाधान चौथीपासून एका बाकावर बसलेले. गुलालाने दत्तूच्या भुवयासुद्धा गुलाबी झाल्या होत्या. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "जेवत नाही, पण जिलबी असेल तर दे. आमच्याकडं कमी पडली."

मंजुषाने परातीतली सगळ्यात मोडकी जिलबी शोधून आणली. दत्तूने ती आवडीने खाल्ली.

"चार मतं म्हणजे काही पराभव नाही समाधान. माझ्या बायकोने मनात आणलं असतं तर माझ्याच घरातून गेली असती. ऐक. स्वीकृत सदस्य हो. तुमच्या गटाला एक जागा मिळतेच. तुमच्यात त्यावरून भांडणं लागतील, तर मी वर शब्द टाकतो. निवडणूक न लढता सभागृहात बसशील."

"आणि?"

"आणि काय? ते टाकीचं जरा पुढच्या वर्षी बघू."

सगळ्यांचे डोळे टाकीकडे गेले. मळ्यातून कुठूनही ती दिसायची. कालव्याच्या अलीकडे, गावठाणाच्या डोक्यावर, निळा रंग दिलेली पाण्याची उंच टाकी. तीन वर्षांपूर्वी बांधून झाली. तिच्यात पाणी कधी आलंच नाही. समाधानने पहार घेऊन लोकांसमोर खणून दाखवलं होतं, टाकीखालचा पाइप जमिनीत सहा फूट जाऊन संपत होता. पुढे नुसती माती. महापालिकेने बांधकामाचं सगळं बिल दिलं होतं, आणि वर दर तीन महिन्यांनी टाकी धुतल्याचंही बिल निघत होतं. ठेकेदार दत्तूचा मेव्हणा.

"त्याचा बीपी वाढलाय रे," दत्तू म्हणाला.

"पाणी नसलेली टाकी धुतल्याची बिलं काढली तेव्हा नाही वाढला?"

"कोरडी टाकी धुवायला जास्त मेहनत लागते."

हे बोलून दत्तूला स्वतःलाच हसू आलं. मग समाधानलाही आलं. दोघं शाळेत हसायचे तसे हसले. ज्ञानेशला आशा वाटली.

"खरं सांगतो," दत्तू डोळे पुसत म्हणाला, "पुढच्या शनिवारी तुझी सुनावणी आहे ना? चौकशी अधिकाऱ्याला निदान शंभर रहिवासी पाहिजेत. स्वतः येऊन सांगायला, की आमच्या नळाला या टाकीचं पाणी आलं नाही. तू दोन महिने बोंबलतोयस. किती तयार झाले?"

समाधानने दत्तूसमोरची रिकामी बशी उचलली.

"नऊ," दत्तूच म्हणाला. "दोनशे चौदा घरांतून नऊ. लोकांनाच नको आहे रे. परवापर्यंत सांग मला."

तो गेला. ढोल पुन्हा सुरू झाले.

"घे दादा," ज्ञानेश म्हणाला. "सभागृहात बसून जास्त भांडता येईल."

"घ्या पप्पा," पायल म्हणाली. ज्ञानेशने चमकून तिच्याकडे पाहिलं. ही पोरगी आजपर्यंत कधी त्याच्या बाजूने बोलली नव्हती. "मला कंटाळा आलाय. दर वेळी आपणच बरोबर आणि दर वेळी आपणच घरी."

"घ्यायचं नाही," मंजुषा म्हणाली. "ताईंनी घेऊ दिलं नसतं."

"तू कधीपासून वहिनींच्या बाजूची?" ज्ञानेशने बायकोला विचारलं. "त्या होत्या तेव्हा मिठाच्या बरणीवरून भांडायचीस."

"भांडायचे म्हणून तर मला माहीत आहे त्या काय म्हणाल्या असत्या."

समाधानने हात वर केला. सभेत करायचा तसा. "स्वीकृत बिकृत काही नको. आणि टाकीही नको. लोकांनी दोनदा सांगितलं. एकदा नऊच जण तयार होऊन आणि एकदा मत न देऊन. मी सोडतो. उद्यापासून मळ्यात येतो."

"मळ्यात?" ज्ञानेश घाबरला. "दादा, तुला झेंडू तरी खुडता येतो का?"

*

नवसाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी बसून हे सगळं ऐकत होती. समाधान-ज्ञानेशची ही आत्या. लग्न गावठाणातच झालेलं, त्यामुळे माहेर चालत दहा मिनिटांवर. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. मुलगा पिंपळगावला कोल्ड स्टोरेजमध्ये. ती गावठाणाच्या वरच्या गल्लीत एकटी राहायची. आज गल्लीतल्या चार मैत्रिणींना घेऊन ती जेवायला आली होती. पाचही जणी भिंतीला टेकून रांगेत बसल्या होत्या आणि एकीनेही पानाला हात लावला नव्हता.

शकुबाईने तिला कोपराने ढोसलं. "सांग की."

"तू सांग."

"भाचा तुझा हाय."

नवसाबाई उठली, पदर नीट केला आणि बाहेर गेली.

"समा, मी मत दिलं नाय."

माळा ओवणाऱ्या बायकांनी माना वळवल्या.

"या चौघींनी पण नाय दिलं," ती म्हणाली. "आम्ही पाच जणी."

पायलने बोटं मोजली. पाच आली असती तर एका मताने पप्पा निवडून आले असते. तिने ते मोठ्याने म्हटलं नाही, पण सगळ्यांनी तेच मोजलं होतं.

"आत्या!" ज्ञानेश ओरडला. "तू? घरची असून?"

"घरची म्हणूनच. परक्याला बोलावलं नाय तर तो समजून घेतो. घरच्याला लागतं. तुझ्या लग्नात मुंजाच्या पूजेला मला सांगितलं नव्हतं, आठवतं का? मी दोन वरसं या दारात आले नव्हते."

"मतदानाला कोण बोलावतं का आत्याबाई?" मंजुषा म्हणाली.

"न बोलावता कसं जायचं? काल सकाळी आठला आंघोळ केली. चांगलं लुगडं नेसले. या चौघी पण आवरून आल्या. माझ्या ओट्यावर बसलो. दहा वाजले, बारा वाजले. आता येईल कोणी, मग येईल. दत्तूची रिक्षा दोनदा गल्लीत आली. रिक्षावाल्याला म्हटलं, आम्हाला नेतो का? तर म्हणाला, आजी, तुम्ही समाधानरावांच्या, बसा निवांत. साडेपाचला मतदान संपलं. मग उठलो."

कोपऱ्यातून हसू फुटलं. माळा ओवणाऱ्या बायका होत्या. पायलही हसायला लागली.

"म्हणजे दत्तूने पण सोडलं!"

"मी म्हणालो होतो ना गाडी पाहिजे," ज्ञानेश म्हणाला.

"गाडीत कोण बसलंय आमच्यातलं?" नवसाबाई चिडली. "दोन्ही खेपेला चालत गेलो. शुभांगी न्यायची. आदल्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकीच्या घरी यायची, हातावर सुपारी ठेवायची. म्हणायची, उद्या दहाला येते, तयार राहा. दहाला म्हणजे दहाला यायची. शाळेपर्यंत आम्हाला तास लागतो. मधे दोनदा बसावं लागतं, शकुबाईचे गुडघे हायेत. ती पण बसायची. एकदा सुद्धा म्हणाली नाय की चला लवकर."

शकुबाई दारातून म्हणाली, "आम्ही पाची जणी बिनकुंकवाच्या. आम्हाला कोण बोलावतं सांग. वाणाला नाय, ओटीला नाय, बारशाला नाय. दहा वरसांत सुपारी देऊन बोलावलं ते तिनेच."

"सुपारी?" समाधान म्हणाला. त्याच्या कपाळावर आठी पडली. "मतदाराला सुपारी? अरे, वस्तू देणं म्हणजे..."

"म्हणूनच तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी," मंजुषा म्हणाली. तिला आता हसू आवरत नव्हतं. "मला म्हणाल्या होत्या, मंजू, ह्यांना कळलं तर हे माझ्याच विरुद्ध तक्रार देतील."

मांडव हसला. नवसाबाईने पाहिलं, समाधानही हसला. आधी थोडा, मग पोट धरून. मग त्याने रुमाल काढला, तोंडावर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. पायल त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

"चूक आमची हाय," नवसाबाई म्हणाली.

"नाही आत्या," रुमालातून आवाज आला. "थांब जरा."

*

समाधानला वाटायचं, दोन्ही वेळा तो भाषणांवर निवडून आला. कागद हातात धरून आकडे वाचून दाखवायचा, लोक टाळ्या वाजवायचे. शुभांगी मागच्या रांगेत बसून जांभया द्यायची. मतदानाच्या दिवशी ती सकाळी नऊला जायची आणि दुपारी परत यायची. कुठे होतीस, असं त्याने दोन्ही वेळा विचारलं होतं. ती म्हणाली होती, मत द्यायला. एक मत द्यायला पाच तास लागतात का, हे त्याने विचारलं नव्हतं.

आता तो सुनावणीचा विचार करत होता. दोनशे चौदा घरं. त्याने व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर संदेश टाकला होता, तीन वेळा. पत्रकं छापून पेपरात घालून वाटली होती. चौकात फलक लावला होता. सगळ्यांवर ठळक लिहिलं होतं, मोठ्या संख्येने उपस्थित राहावे. त्याने लोकांना कळवलं होतं. बोलावलं नव्हतं.

"आत्या," तो म्हणाला, "शनिवारच्या सुनावणीला येशील का?"

"इथं विचारतो? मांडवात?"

"मग?"

"घरी ये."

चार वाजता ते निघाले. नवसाबाई पुढे, चौघी मागे, सगळ्यांत मागे समाधान आणि पायल. शकुबाईसाठी मधे दोनदा थांबले. ज्ञानेशने मळ्यातून ओरडून विचारलं, "दादा, उद्या झेंडू खुडायला येतोयस का?" समाधान म्हणाला, "नाही." ज्ञानेशला हायसं वाटलेलं लांबूनही कळलं.

वरच्या गल्लीत आल्यावर नवसाबाई घरात शिरली आणि तिने दार लावून घेतलं.

"आत्या?"

"बाहेर उभा राहा. आता बोलाव," आतून आवाज आला.

पायल भिंतीला टेकून हसायला लागली. समाधानने दहा हजार माणसांसमोर भाषण केलं होतं. आता त्याला शब्द सुचेना. त्याने कडी वाजवली.

"आत्या, शनिवारी टाकीची सुनावणी आहे. विभागीय कार्यालयात, अकरा वाजता. तू यावंस."

"एवढंच?"

"मी साडेनऊला न्यायला येईन. चालत जाऊ. वाटेत बसू."

त्याने पुन्हा कडी वाजवली.

"हे शुभांगीचं काम होतं," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं. ती नाही, म्हणून मी आलोय."

दार उघडलं. नवसाबाईने डोळे पुसले होते, पण नीट पुसले नव्हते. "ये आत," ती म्हणाली. "चहा घेतल्याशिवाय पुढं जायचं नाय. ती पण घ्यायची."

चहा प्रत्येक घरी झाला. शकुबाईने त्याला अर्धा तास बसवून घेतलं आणि शुभांगी गेल्यापासून एकदाही दारात आला नाहीस म्हणून झापलं. त्याने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, येते. शेजारच्या तरुण सुनेने आधी दाराआडून नाही सांगितलं. पाणी पहाटे जुन्या लाइनला चाळीस मिनिटं येतं, त्यासाठी उठावं लागतं, दिवसा वेळ कुठे आहे. मग नवसाबाई आत गेली आणि दोघी बाहेर आल्या. पायल नावं लिहीत होती.

गल्लीचं आठवं घर दत्तूचं. अंगणात फटाक्यांचे कागद पडले होते. दत्तू अजून मिरवणुकीत होता. समाधान पुढे निघाला तर पायल म्हणाली, "पप्पा, हे पण दोनशे चौदामधलंच आहे."

दत्तूची आई भिमाबाई ओट्यावर हार निवडत बसली होती. समाधानने पायाला हात लावला.

"पडलास ना रे बाळा," ती म्हणाली. "दत्तूने सांगितलं. बस."

"काकी, अभिनंदन करायला आलो. आणि बोलवायला पण."

त्याने सगळं सांगितलं. ठेका कोणाचा होता तेही सांगितलं, कारण लपवून बोलावणं त्याला जमलं नसतं. भिमाबाईने ऐकता ऐकता चार फुलं बाजूला काढली.

"माझ्या नळाला कुठं पाणी हाय?" ती म्हणाली. "सूनबाई टाकीवाल्याची बहीण, पण भल्या पहाटे हंडा घेऊन तीच उठते. येईन मी. किती वाजता येतोस न्यायला?"

"दत्तूला चालेल का?"

"दत्तूला मी न्हाऊ-माखू घातलंय. त्याचं मी बघते. तू वेळ सांग."

"पावणेदहा."

"पायल, लिही गं माझं नाव. आणि समाधान, चहा घे."

"काकी, आज सात चहा झाले."

"मग आठवा घे."

त्याने घेतला. पुढची तीन घरं करून गल्लीबाहेर पडले तेव्हा टाकीवर शेवटचं ऊन होतं आणि कबुतरं परत येत होती. पायलने वही उघडून दाखवली. वरच्या गल्लीतल्या अकरा घरांमधून सतरा नावं झाली होती.

खालची गल्ली राहिली होती. कालव्यापलीकडची वस्ती, बुद्धविहारामागची कॉलनी आणि दोन्ही सोसायट्या राहिल्या होत्या. तिथे अजून कोणी गेलं नव्हतं.